वाईतला एक वाडा गावानं मिळून घ्यायचा, तर पैसा कसा उभा करावा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

वाईत आमच्या आळीत, घाटाच्या जवळच, एक दोन चौकी वाडा आहे. वाड्याचं आणि घराण्याचं नाव इथे देत नाही, कारण सगळ्या हिस्सेदारांना अजून विचारलेलं नाही. काळ्या दगडाचं जोतं, वर सागवानी सांगाडा, पुढच्या चौकाला तिन्ही बाजूंनी सोपे (ओसऱ्या), दर्शनी दरवाजाला दिंडी, म्हणजे दारातलं छोटं दार. पुढचा चौक बरीच वर्षं कुलपात आहे. मागच्या चौकात तीन भाडेकरू कुटुंबं राहतात. एका बांधकाम व्यावसायिकानं हिस्सेदारांपुढे प्रस्ताव ठेवलाय: वाडा पाडायचा, खाली गाळे, वर सदनिका. हिस्सेदारांनी अजून होकार दिलेला नाही. हातात आहे तो एवढाच वेळ.

आम्हा काही जणांच्या मनात आहे ते असं. वाडा गावानं घ्यावा. पुढच्या चौकात व्याख्यानं, कीर्तन, गाण्याच्या बैठका, लहान नाटकं, साखरपुडे, मुंजी व्हाव्यात. सोप्यांमध्ये अभ्यासिका आणि वाचनालयाचा कट्टा. माडीवर बाहेरगावच्या अभ्यासकांना उतरायला दोन खोल्या. ज्या गावात विश्वकोशाचं कार्यालय आहे, प्राज्ञपाठशाळा झाली, वसंत व्याख्यानमाला चालते, तिथे दीडशे माणसांची बैठक भरवायची तर आम्हाला मंगल कार्यालयाच्या तारखा बघाव्या लागतात.

आता पैशाचं. देणग्यांवर हे उभं राहू नये असं मला मनापासून वाटतं. देणगीदाराचं नाव पाटीवर लागलं की त्याचा वास्तूशी संबंध तिथेच संपतो. हजार, पाच हजार रुपये घालून माणूस भागीदार झाला, तर घरचा साखरपुडा तो इथेच करील, कौल गळताना दिसलं तर फोन करील, सभेत उभा राहून हिशेब विचारील. समजा पहिल्या टप्प्याला ४० लाख धरले आणि ५,००० रुपयांचा एक भाग ठेवला, तर ८०० माणसं लागतील. वाई, आसपासची गावं, आणि पुण्या-मुंबईला गेलेले वाईकर मिळून ८०० ही संख्या मला अशक्य वाटत नाही.

विचारायचं ते हे. अशा कामाला ट्रस्ट बरा, कंपनी बरी की सहकारी संस्था? भागावर वर्षाला सहा टक्के तरी परतावा द्यावा असं काही जण म्हणतात, ते जमेल का? आणि लाकडी वाड्यात दीडशे माणसं बसवायची तर आधी काय तपासावं? ज्यांनी असं काही जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहा, ही विनंती.

घाटमाथा

वाड्यासाठी +१. माझे दोन भाग आत्ताच धरा. कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवात घाटाघाटांवर लोक वर्गणी, शिधा, श्रम सगळं देतात, तेव्हा लोक देत नाहीत असं कुणी म्हणू नये. मात्र हिशेब वेळच्या वेळी चव्हाट्यावर लागला पाहिजे.

हिशोबनीस

मी सीए आहे. सहकार आणि न्यास (ट्रस्ट) दोन्हींचं काम करतो. सर्वात आधी सहा टक्क्यांबद्दल, कारण तिथे फौजदारी भानगड आहे.

'पैसे भरा, सहा टक्के देऊ' असं पत्रक काढून लोकांकडून पैसे घेतले की ती ठेव होते. अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ चा आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा स्वतंत्र कायदा १९९९ पासून आहे. दोन्हींत शिक्षा तुरुंगवासाची आहे आणि हेतू चांगला होता म्हणून सुटका होईल असं धरू नका. तेव्हा 'परतावा', 'व्याज', 'दामदुप्पट' यातला एकही शब्द व्हॉट्सॲपवरच्या निरोपातसुद्धा नको.

कंपनीचा विचार सोडा. खासगी कंपनीत सभासद २०० च्या वर जात नाहीत आणि तिला जनतेकडे भाग विकायला जाता येत नाही. तुम्हाला ८०० माणसं हवीत.

मग उरतात दोन. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान १० माणसं लागतात. एक सभासद, एक मत. कुणी एक भाग घेतला काय नि वीस घेतले काय, मत एकच. एका माणसाकडे एकूण भांडवलाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भाग जात नाहीत. नफा झाला तर त्यातला किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो. लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे, पण वाड्याच्या बाबतीत ती मर्यादा गाठायची वेळ येणार नाही, हे आधीच समजून चला.

सार्वजनिक न्यासाचं उलट. तिथे भागधारक नसतात, विश्वस्त असतात. देणगी परत मिळत नाही. पण एक मोठा फायदा आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ मुळे न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही. सहकारी संस्थेत तसा अडसर नाही. आज जमलेली ८०० माणसं वाड्याच्या प्रेमातली असतील. पंचवीस वर्षांनी त्यांच्या वारसांपुढे मोठा आकडा आला तर ते हात वर करून वाडा विकू शकतात.

कृष्णाकाठ

हिशोबनीस, म्हणजे लोकांना मत द्यायचं तर वाडा विकला जायचा धोका, आणि वाडा वाचवायचा तर लोकांना मत नाही? यातून वाट नाही का?

हिशोबनीस

आहे, आणि मला ती या कामाला योग्य वाटते. दोन संस्था करा. वास्तू न्यासाच्या नावावर. ती चालवणारी सहकारी संस्था वेगळी, आणि तिनं न्यासाकडून वाडा भाड्यानं घ्यायचा.

खरेदीचा पैसा देणगीचा, तो न्यासात जाईल. न्यासाला देणगीवरच्या आयकर सवलतीची मान्यता (लोक जिला '८०जी' म्हणतात ती) मिळाली की देणगीदाराला करसवलत मिळते. पण रोख २,००० रुपयांच्या वरची देणगी त्यात धरत नाहीत, आणि ज्यानं नवी करप्रणाली घेतलीय त्याला ही सवलत नाहीच. हे आधी सांगा, नाहीतर मार्चमध्ये लोक तुम्हाला फोन करतील. चालवण्याचा पैसा, म्हणजे खुर्च्या, दिवे, पंखे, पहिल्या वर्षाची तूट, हा भागांचा. तो सहकारी संस्थेत. तिथे प्रत्येकाला मत.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. न्यासानं इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर तिथेही कलम ३६ ची परवानगी लागते. आणि परदेशातल्या वाईकरांबद्दल: भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाची देणगी परकीय मानली जात नाही. ज्यानं परदेशी नागरिकत्व घेतलंय, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीयाचं) कार्ड का असेना, त्याची देणगी परकीय ठरते आणि एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती घेता येत नाही. पावती फाडण्याआधी पासपोर्ट विचारायचा. संकोच वाटला तरी विचारायचा.

तळखडा

मी जुन्या लाकडी बांधकामांच्या दुरुस्तीचं काम करतो. सातारा जिल्ह्यातले पुष्कळ वाडे आतून पाहिलेत. कायद्याचं वर आलंय, मी खांबाचं सांगतो.

वाड्यात गेलात की खांबाकडे वर बघू नका, खाली बघा. जुना सुतार सागवानी खांब कधी जमिनीत पुरत नसे. खाली दगडाचा तळखडा, त्यावर खांब. तळखडा जमिनीच्या वर राहतो, म्हणून लाकडाला ओल लागत नाही. मग मधल्या पिढीत कुणीतरी शेणाची जमीन नको म्हणून सिमेंटचा कोबा करतं, त्यावर फरशी, आणि जमीन चार-सहा इंच वर येते. तळखडा बुडतो, खांबाचा पाय कोब्यात अडकतो. वरून रंग दिलेला असतो, खांब सरळ दिसतो. खाली वाळवीनं खाऊन भुसा केलेला असतो. एक साधा स्क्रू-ड्रायव्हर घ्या आणि खांबाच्या पायाशी तिरका टोचा. ठणठणीत लागला तर उत्तम. आत गेला तर तो खांब काढून खालचा हात-दीड हात भाग नव्या सागाचा जोडायला लागेल. जोड देणारे सुतार अजून आहेत, थोडे आहेत, पण आहेत.

भिंतींचं तसंच. मातीच्या, पांढरीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केलेला असेल तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत पोटातून फुगते. तो खरवडून चुन्याचा गिलावा करावा लागतो. चुना आठवड्यात होत नाही, तो आधी भिजत घालून मुरवावा लागतो. खर्चाच्या कागदात याला वेळ धरा.

आता माडी. हा मुद्दा सगळ्यांनी वाचावा. घराच्या जमिनीवर किती भार धरायचा याचं भारतीय मानक आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात आहे. राहत्या घराला दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो. सभागृहाला, खुर्च्या पक्क्या असतील तर ४००, मोकळी जागा असेल तर ५००. वाड्याच्या तुळया राहत्या घराच्या हिशेबानं घातलेल्या. तेव्हा माडीवर बैठक नको, गर्दी नको. अभ्यासकांच्या दोन खोल्या ठीक. सगळा सार्वजनिक वापर तळमजल्यावर आणि चौकात. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर या भागातल्या किती वाड्यांना लोखंडी पट्ट्या, टेकू, नको तिथे विटांच्या भिंती घातल्या गेल्या याची कुठे नोंद नाही. स्ट्रक्चरल ऑडिट करणारा अभियंता लाकडाचं काम जाणणारा असावा. नुसता आरसीसीवाला असेल तर तो पाडा म्हणूनच सांगेल.

आणि दिंडी. दिंडीतून एका वेळी एक माणूस वाकून जातो. कार्यक्रमाच्या वेळी मोठ्या दरवाजाची दोन्ही दारं उघडी राहिली पाहिजेत, आणि मागच्या चौकातून दुसरी वाट मोकळी पाहिजे. अग्निशमनाचा दाखला त्याशिवाय मिळणार नाही आणि मिळू नये.

अवांतर: वाडा पूररेषेच्या आत येतो का? नगरपालिकेत निळी आणि लाल रेषा दाखवलेला नकाशा बघा. धोम धरणाचं पाणी सोडल्यावर घाटावर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

दूरदेशी_वाईकर

मी दक्षिण लंडनमध्ये राहते. आमच्याकडे नन्हेड भागात आयव्ही हाउस नावाचं जुनं मद्यगृह आहे, १९३० च्या दशकातलं, आत गाण्या-नाचाचं सुंदर दालन. २०१२ मध्ये ते बंद करून विकायचं ठरलं तेव्हा रहिवासी एकत्र आले. इथे २०११ च्या कायद्यानं समाजाच्या उपयोगाची वास्तू म्हणून नोंद करता येते, आणि तशी नोंद झाली की लोकांना पैसा जमवायला विक्री सहा महिने थांबवता येते. आयव्ही हाउस ही अशी नोंद झालेली देशातली पहिली वास्तू. २०१३ मध्ये ते ३७१ भागधारकांच्या सहकारी संस्थेनं पुन्हा उघडलं. मी तिथे लहान मुलांचे वाढदिवस पाहिलेत, गाण्याच्या मैफली ऐकल्यात. तो दरवाजा उघडा राहिला याचा परिसराला झालेला आनंद मी पाहिलाय.

पण कृष्णाकाठ, तुमच्यासाठी महत्त्वाचं ते पुढे आहे. खरेदीचा मोठा वाटा भागांमधून आलेला नव्हता. तो वारसा वास्तूंसाठी कर्ज देणाऱ्या संस्थेकडून आणि अनुदानातून आला. भाग विकून आलेला पैसा त्यावरचा थर होता. ३७१ माणसं ही खरेदीची ताकद नव्हती. जागा चालेल याची ती हमी होती, आणि ती पाहून मोठा पैसा आला.

दुसरं उदाहरण वाईट आहे, तरी सांगते. हेस्टिंग्जचा समुद्रातला जुना धक्का २०१० मध्ये जळला. जवळजवळ ३,००० लोकांनी भाग घेतले, लॉटरीच्या वारसा निधीतून मोठं अनुदान मिळालं, २०१६ मध्ये तो उघडला. २०१७ मध्ये त्याला स्टर्लिंग पारितोषिक मिळालं, म्हणजे ब्रिटनमधला वास्तुरचनेचा सर्वोच्च मान. आणि त्याच वर्षी चालवणारी संस्था दिवाळखोरीच्या वाटेवर प्रशासकांकडे गेली. २०१८ मध्ये धक्का एका खासगी माणसाला विकला गेला. भागधारकांचा पैसा गेला. बांधायला पैसा मिळाला होता, रोज चालवायला नव्हता. एवढं एकच वाक्य तुमच्या सभेत वाचून दाखवा.

महाराष्ट्रात सहा महिने विक्री थांबवणारा असा कायदा माझ्या माहितीत नाही. तेव्हा हिस्सेदारांकडून तुम्हाला लेखी मुदत घ्यावी लागेल.

पेठेतला

एवढा खटाटोप कशाला? नगरपालिकेनं किंवा सरकारनं घ्यावा. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयाचं झालंच की. २००३ मध्ये महापालिका, इन्टॅक (वारसा जतन करणारी संस्था) आणि एक प्रतिष्ठान यांचा त्रिपक्षीय करार झाला, २००५ मध्ये युनेस्कोचं पारितोषिक मिळालं, २००८ मध्ये लोकांना खुलं झालं. सामान्य माणसाचे पाच हजार जोखमीत घालणं मला बरोबर वाटत नाही.

निवृत्त_सहकार

पेठेतला, ते संग्रहालय मुळातच महापालिकेच्या मालकीचं होतं. इथे खासगी वाडा आहे आणि छोट्या नगरपालिकेपुढे पाण्याचे, कचऱ्याचे प्रश्न आहेत. नगरपालिकेचं साहाय्य जरूर मागा, मालमत्ता करात सवलत मागा, वारसा यादीत नाव घाला. पण चालवायला माणसं गावचीच लागतील.

मी सहकार खात्यात नोकरी केली. सामान्य माणसाच्या पैशाबद्दल महाराष्ट्राला शिकवण्यासारखं कमी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला, टिळकांनी तो उचलून धरला. माणशी एक पैसा, गावोगाव. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या ओट्यावर बसून कारखान्याचे भाग घेववले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी उभा राहिला आणि १९५० मध्ये गाळप सुरू झालं. त्या शेतकऱ्याला लाभांशाची फारशी आशा नव्हती. त्याला ऊस घालायला जागा हवी होती. भागधारक आणि वापरणारा एकच होता, तिथे सहकार टिकला. ज्या संस्थेत भाग घेणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा, तिथली सर्वसाधारण सभा कोरमअभावी तहकूब होताना मी नोकरीभर पाहिली.

म्हणून माझी सूचना उपविधीत (संस्थेच्या नियमावलीत) घाला. प्रत्येक सभासदाला वर्षातून एकदा चौक सवलतीत वापरायचा हक्क. भाग ५,००० चा नको, १,००० चा ठेवा. घरकाम करणारी बाई सभासद होऊ शकली पाहिजे. सभासद यादीत एकाच आळीची आणि एकाच जातीची नावं दिसली तर गाव त्याला आपला वाडा म्हणणार नाही, आणि ते योग्यच आहे. नोंदणीला जाण्याआधी तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे कच्चे उपविधी दाखवा, नंतरची खेप वाचते.

मागचा_चौक

हा धागा मला माझ्या मुलीनं दाखवला. कृष्णाकाठ दादा, तुम्ही लिहिलेल्या तीन भाडेकरू कुटुंबांतलं एक आमचं आहे. माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आम्ही तिथे राहतो. सगळे खांब, कौलं, व्याख्यानं बोलतायत, मागच्या चौकातून बाहेर पडायची वाट काढतायत. ती वाट आमच्या स्वयंपाकघराच्या दारावरून जाते.

बिल्डरचा माणूस आला होता तेव्हा त्यानं नव्या इमारतीत खोली देतो म्हणून सांगितलं. खरंखोटं देव जाणे, पण त्यानं निदान विचारलं. तुमच्या वाड्यात आमचं काय, हे मला लेखी कळलं पाहिजे. पावसात माझ्या खोलीचं छत गळतं. तुमची पहिली कौलं पुढच्या चौकाला लागणार की माझ्या खोलीला?

मी विरोधात नाही. कीर्तन आमच्या दारात झालं तर मला आवडेल. फक्त रात्री दहानंतर भोंगा नको, मुलीची बारावी आहे.

हिशोबनीस

ताई, कायद्याचं आधी सांगतो. वाडा विकला गेला तरी तुमचं भाडेकरूपण जात नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे नवा मालक जुन्या मालकाच्या जागी येतो, तुमचे हक्क तसेच राहतात. भाड्याच्या पावत्या जपून ठेवा, वीजबिलं ठेवा. कोणत्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा, तो कागद बिल्डरचा असो की आपल्या न्यासाचा.

आणि चौक उघड्या आभाळाखाली आहे, त्यामुळे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे सरकारनं सूट दिलेले मोजके दिवस सोडले तर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंदच.

सातवा_हिस्सा

मी हिस्सेदारांपैकी एक. मुंबईत राहतो. इथे आमच्याबद्दल कुणी वाईट लिहिलेलं नाही म्हणून मीही मोकळेपणानं लिहितो.

वाडा पाडावा असं आमच्यात कुणालाही आनंदानं वाटत नाही. पण भाडं महिन्याला शंभर-दीडशे, कर आम्ही भरायचा, दुरुस्ती आम्ही करायची. माझ्या दोन चुलतभावांना मुलांच्या शिक्षणाला पैसा हवाय, तो लोभ नव्हे. आणि २००५ च्या वारसा कायद्यातल्या दुरुस्तीनंतर आमच्या बहिणींचाही हिस्सा बरोबरीचा आहे, त्यातल्या एकीला बिल्डरनं विचारलंसुद्धा नव्हतं. मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव आहे. वारसनोंद झाल्याशिवाय आम्ही कुणालाच, बिल्डरलाही नाही आणि तुम्हालाही नाही, खरेदीखत करून देऊ शकत नाही. ते काम मी अंगावर घेतो.

आम्हाला बाजारभाव पूर्ण मिळणार नाही हे दिसतंय. काही जण कमी घ्यायला तयार होतील असं मला वाटतं, पण मुदत ठरलेली हवी आणि विसार हवा. पुढचा चौक लगेच वापरायचा असेल तर तो लीव्ह अँड लायसन्सनं नोंदणी करून देता येईल. त्यासाठी वारसांची संमती मी मिळवीन. देवघर मात्र आमचं राहावं. वर्षातून एकदा कुळधर्माला सगळे येतो, तेवढी दोन दिवसांची जागा करारात लिहून द्या.

तिसरी_घंटा

मी नाटक करते, हौशी आणि प्रायोगिक, लहान गावांत. जागा चालवणाऱ्यांशी रोजचा संबंध येतो, म्हणून पैशाचं गणित मांडते. आकडे धरून चाललेले आहेत, आपापले घालून बघा.

चौकाचं भाडं ४,००० धरा. पावसाळ्याचे चार महिने उघड्या चौकात फार काही होत नाही, महिन्याला तीन कार्यक्रम. बाकी आठ महिने, महिन्याला आठ. वर्षाला ७६ कार्यक्रम, ३ लाख ४ हजार. खर्च: रखवाली आणि साफसफाई, वीज, दुरुस्तीसाठी दर महिन्याला बाजूला टाकायची रक्कम, सगळं मिळून महिन्याला ३४,००० धरा. वर्षाचे ४ लाख ८ हजार. म्हणजे लाखाची तूट. नुसत्या कार्यक्रमांवर वाडा चालत नाही.

आता सोप्यातली अभ्यासिका. स्पर्धा परीक्षांची ४० मुलं, महिन्याला ३०० रुपये. वर्षाला १ लाख ४४ हजार. तूट भरून ४० हजार उरतात. अभ्यासिकेकडे कुणी उत्साहानं बघत नाही, पण गाण्याच्या बैठकीचा खर्च ती मुलं उचलणार आहेत. त्यांना पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास, मुलींसाठी उजेडाची वाट आणि संध्याकाळी शांतता द्या. कार्यक्रमांच्या दिवशी अभ्यासिका बंद ठेवून त्यांना डावलू नका.

४० लाखांवर ४० हजार म्हणजे एक टक्का. लाभांशाचं बोलणं इथेच संपतं.

चित्रीकरणाचं भाडं मोठं असतं, मेणवलीचा घाट आणि वाडा चित्रपटवाल्यांना ठाऊक आहेच. पैसा चांगला येतो, पण अंदाजपत्रकात तो धरू नका, आला तर राखीव निधीत टाका. करारात लिहून घ्या: खांबाला खिळा नाही, भिंतीला रंग नाही, अनामत रक्कम आधी. आणि कार्यक्रमांच्या नियमित यादीत आजीआजोबांचा विचार करा. ओट्याच्या पायऱ्यांना कठडा आणि एका बाजूनं उतार हवा. म्हातारी माणसं व्याख्यानांची खरी श्रोती असतात आणि संडास लांब असला की ती यायची बंद होतात.

पेठेतला

हिशेब पाहून माझा थोडा विरोध मावळला. एक विचारतो. समजा हिस्सेदारांशी व्यवहार फिसकटला, तर तोवर जमलेल्या पैशाचं काय?

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. चार दिवसांत जे कळलं त्यावरून आम्ही मसुदा बदलतोय. तो असा.

परतावा हा शब्द कुठेही राहणार नाही. भाग १,००० रुपयांचा, एक सभासद एक मत, वर्षातून एकदा सवलतीत वापर. पत्रकात ठळक छापणार: लाभांश मिळेल असं धरून भाग घेऊ नका. वास्तू न्यासाकडे, चालवणं सहकारी संस्थेकडे. न्यासाला कितीही मोठी देणगी दिली तरी चालवण्याच्या निर्णयात जास्तीचं मत मिळणार नाही, हे माझ्या दृष्टीनं सर्वात महत्त्वाचं कलम. विश्वस्तांत निम्मे लोक सभासदांनी सुचवलेले.

खरेदीचा पैसा आत्ता मागायचा नाही. आधी सातवा_हिस्सा यांच्या मदतीनं पुढचा चौक लीव्ह अँड लायसन्सनं घेऊ आणि एक हंगाम चालवून दाखवू, अभ्यासिकेसकट. जमाखर्च दर महिन्याला वाड्याच्या दरवाजावर लावू. लोक येतात हे दिसलं तर मोठ्या देणगीदारांकडे जायला आमच्याकडे काहीतरी असेल. पेठेतला, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे: व्यवहाराची मुदत लेखी ठरून विसाराची पावती होईपर्यंत न्यास खरेदीसाठी एक रुपयाही घेणार नाही. विसाराची रक्कम आम्ही दहा-बारा प्रवर्तक आमच्या पदरची घालू. व्यवहार मोडला तर नुकसान आमचं होईल, सभासदांचं नाही.

मागचा_चौक ताई, तुमच्यासह तिन्ही कुटुंबांना उद्या घरी येऊन भेटतो. मसुद्यात दोन वाक्यं घातली आहेत, ती तुम्ही वाचून बदल सुचवा. एक: तिन्ही कुटुंबांचं भाडेकरूपण आणि खोल्या कायम राहतील, त्यांच्या लेखी संमतीशिवाय कुणालाही हलवलं जाणार नाही. दोन: वाडा न्यासाकडे आल्यावर छताची दुरुस्ती राहत्या खोल्यांपासून सुरू होईल. संकटकाळची वाट तुमच्या दारावरून न काढता बोळाकडच्या बंद दरवाजातून काढता येईल का, हे तळखडा यांनी प्रत्यक्ष येऊन बघावं अशी विनंती. आणि न्यासाच्या मंडळावर मागच्या चौकाची एक जागा कायम.

तळखडा

येतो. दरवाजाच्या चौकटीची रुंदी आणि बोळाची रुंदी दोन्ही मोजून ठेवा. बोळात कुणाचं अतिक्रमण असेल तर तेही आत्ताच सांगा. खांबांचे पाय तपासायला कोबा थोडा फोडायला लागेल, त्याला हिस्सेदारांची लेखी परवानगी घेऊन ठेवा.

सातवा_हिस्सा

कोब्याची परवानगी देतो, सगळ्यांच्या सह्यांसह. वारसनोंदीचा अर्ज नगर भूमापन कार्यालयात या महिन्यात दाखल करतोय. बहिणींचे दाखले गोळा व्हायला वेळ लागेल, त्यामुळे दिवाळीआधी मुदतीचा करार होईल असं समजू नका.

मागचा_चौक

दादा, उद्या संध्याकाळी सातनंतर या, ह्यांची पाळी सहाला सुटते. बाकीच्या दोन घरांना मी सांगते. ते मंडळावरच्या जागेचं, ती तिन्ही घरांनी मिळून ठरवायची की तुम्ही? तेवढं आधी लिहा.

कृष्णाकाठ

तिन्ही घरांनी मिळून. मसुद्यात तसंच लिहितो.

घाटमाथा

भाग १,००० चा झाला तर माझे दोनाचे दहा करा. आणि मागच्या चौकातली कुटुंबं सभासद होणार असतील तर त्यांच्या पहिल्या भागाची रक्कम त्यांनीच भरू द्या, आपण भरू नये. मत त्यांचं आहे, ते त्यांच्या पैशाचं असू द्या. ज्यांना एकदम जमणार नाही त्यांना हप्त्यानं भरायची सोय उपविधीत ठेवता येते का, निवृत्त_सहकार?

निवृत्त_सहकार

मागणीप्रमाणे हप्त्यानं भाग भरायची तरतूद उपविधीत करता येते. पूर्ण रक्कम भरेपर्यंत मताचा हक्क कसा ठेवायचा, हे मात्र आधी ठरवून स्पष्ट लिहा. निबंधक कार्यालय नेमकं तिथे बोट ठेवतं. कच्चा मसुदा मला पाठवा, आठवडाभरात खुणा करून परत देतो.